डुकराचा दाखला

"डुकराचा दाखला आनला काय?"

"कोनता दाखला, बाई?"

"डुकरानं खाल्लेली धानाची लोंब. लोंब नाई, त बंदूक नाई. सरक बाजूले!"

गिऱ्हाईक डोकं खाजवत झाडू नावाच्या चहावाल्याच्या टपरीकडे वळलं.

चामोर्शी रस्त्यावरच्या त्या गावी शुक्रवारच्या बाजारात, सुकट आणि मिरच्यांच्या मधोमध, गिरजाबाई प्लास्टिकच्या पाइपाच्या बंदुका मांडून बसते. आत कार्बाइडचा खडा. छर्रा नाही, गोळी नाही, नुसता बार. बार ऐकून रानडुकरं पळतात ती शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत, मग शेजारीही बंदूक न्यायला येतो. धंदा असा आपसूक चालायचा.

मग शारदेच्या मिरवणुकीत कोणीतरी बंदूक वाजवली आणि सरपंच भैयाजीची अर्धी मिशी जळाली. उरलेली अर्धी त्यानं भादरली नाही. पुरावा म्हणे! तीच मिशी घेऊन तो ग्रामसभेत उभा राहिला.

"कोनीबी येते, कोनीबी नेते! बंद करा हे!"

"बंदुकीचा काय दोष, भाऊ? वाजवनारा दारू पेला होता," झाडू म्हणाला.

"आधार कारड पाहून द्या," संघपाल मास्तर म्हणाले.

"आधारावर डुकरं दिसतेत काय, गुरुजी?" गिरजाबाईनं विचारलं. "ज्याच्या शेतात डुक्कर, त्यालेच बंदूक. मी सोता तपासतो."

ठराव झाला. वर भैयाजीनं बजावलं, "बिनदाखल्याची एक जरी गेली, त तुयं दुकान उठलंच समज."

तेव्हापासून तो दर शुक्रवारी दुकानापुढे खुर्ची टाकून बसतो.

आज मात्र नवल झालं. टपरीकडे गेलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन परतलं, ते हातात लोंब घेऊनच. त्याच्या मागं दुसरं, मग तिसरं. किराणावाला आला, त्याला शेतच नाही. गिरजाबाईनं लोंब डोळ्याजवळ नेली. बारीक, लांबट दाणा. लुचई! आजूबाजूच्या चार गावांत लुचईचं धान लावते कोण? एकटी गिरजाबाई.

ती तडक टपरीवर गेली. बाकाखाली लोंबांची पेंढी.

"काऊन रे मुडद्या, मायं धान इकून राह्यला?"

"इकत नाई, बाई. चहासंग फुकट देतो. अन् खाल्लं डुकरानं, मी नुसतं उचलून आनलं. तू दिसभर इथी बसतं, तिकडे राखन कोन करते?"

गिरजाबाईनं पेंढी काखेत मारली. तिनं परत येऊन बंदुका पोत्यात कोंबल्या, एक खांद्यावर टाकली आणि निघाली.

भैयाजी खुर्चीतून उठून आडवा आला. "बाई, दाखला?"

"मायी बंदूक, मलेच दाखला?"

"ठराव म्हनजे ठराव."

तिनं पेंढीतली एक लोंब उपसून त्याच्या हातावर आपटली. त्यानं ती उलटीसुलटी केली, दात उमटलेला देठ पाहिला आणि बाजूला झाला.

ऊन कलायच्या आत ती आपल्या बांधीत पोचली. पार एका कोपऱ्यात धान हलत होतं. तिनं पदर खोचला, मचाणावर चढली आणि पाइपात खडा टाकला.