पत्र्याखालचं तापमान

करमाळ्याहून मी सोलापूरला एम.एस्सी. करायला आले, तेव्हा माझ्या विषयाचं नाव घरात कुणालाच धड घेता येत नव्हतं. कॉम्प्युटेशनल सायन्स. वडील खताच्या दुकानात आलेल्यांना सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटर शिकतीय सोलापुरात." त्यावर कुणी ना कुणी विचारायचं, "मग आमचा प्रिंटर बघंल का?" सुट्टीत गेले की मी एकदोन प्रिंटर बघायचेही. आम्ही शिकत होतो ते वेगळंच होतं. उष्णता, पाणी, वारा कसे वागतात याची समीकरणं मांडायची. ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि संगणकाकडून एकेक तुकडा सोडवून घ्यायचा.

मी शुक्रवार पेठेत एका गच्चीवरच्या खोलीत राहायचे. भिंती विटांच्या आणि वर पत्रा. खाली घरमालक. काकांचं मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान होतं, ते सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. काकू अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. घरात त्या कन्नड बोलायच्या, माझ्याशी मराठी. हातात काही काम नसलं की त्या अस्वस्थ व्हायच्या. माझ्या दोरीवरचे कपडे वाळले की घड्या घालून दारात ठेवलेले असायचे. नको म्हणून सांगितलं तरी उपयोग नव्हता.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प निवडायचा होता. मी माझी खोलीच निवडली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत दिवसभर तापमान कसं चढतं, हे प्रोग्रॅमनं आधीच सांगता येईल का, एवढाच प्रश्न होता. खरं कारण असं की त्यासाठी कुठं जावं लागणार नव्हतं. मार्गदर्शक मॅडमना विषय पसंत पडला. त्या आम्हाला संख्यात्मक पद्धती शिकवायच्या. शिकवताना आवाज कधी चढायचा नाही आणि हसणंही क्वचितच.

पहिल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रॅमनं खोलीचं तापमान उणे चार हजार अंश दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "वेळेचे तुकडे लहान कर." केले. मग आकडे माणसात आले. बाहेर बेचाळीस असताना पत्र्याच्या जवळची हवा दुपारी तीनच्या सुमाराला सत्तेचाळीसपर्यंत जाईल, असं गणित सांगत होतं.

ते पडताळायला विभागातून एक सेन्सर मिळाला. काळी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवून ठेवणारी. मी ती पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बांधली. काकू कपडे घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय ग?"

"मशीन आहे काकू, कॉलेजचं. फार नाजूक असतं. त्याला हात नका लावू."

"नाही लावत की," त्या म्हणाल्या.

महिनाभर डबी नोंदी घेत राहिली. मी रोज, रविवारीसुद्धा, सकाळी नऊला प्रयोगशाळेत जायला बाहेर पडायचे, संध्याकाळी सहाच्या पुढं परत यायचे. नोंदी संगणकात घेतल्या तर त्या माझ्या गणिताशी जुळेनात. दुपारी एकपर्यंत दोन्ही रेषा बरोबर चालायच्या. त्यानंतर सेन्सरची रेषा खाली वळायची. सत्तेचाळीसच्या जागी एकेचाळीस. महिन्यातले तीनच दिवस असे होते की ती सरळ सत्तेचाळीसला जाऊन पोचली होती.

मी आठ दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. सापडली नाही. पत्रा हवेला किती उष्णता देतो याचा एक गुणांक असतो. पुस्तकात त्याची एक कक्षा दिलेली असते, नेमका आकडा नसतो. मी तो आकडा हळूहळू हलवत गेले. कक्षेच्या थोडा बाहेर गेला तेव्हा रेषा जुळली. मग ते तीन दिवस तेवढे उरले. अहवालात मी लिहिलं की उपकरणातल्या बिघाडामुळे तीन दिवसांच्या नोंदी वगळल्या आहेत. हे वाक्य लिहिताना मला काही वाटल्याचं आठवत नाही. ते नेहमीच्या वाक्यांसारखंच वाक्य होतं.

विभागात भित्तिपत्रकांची स्पर्धा होती. माझ्या दोन जुळणाऱ्या रेषा सगळ्यांना आवडल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरं माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला. तिचं घर पद्मशाळी विणकरांचं, तिनं यंत्रमागाच्या कंपनांवर काम केलं होतं. प्रमाणपत्र आणि भित्तिपत्रक विभागाच्या व्हरांड्यात लावली गेली.

एप्रिलच्या शेवटी एका दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि आम्हाला बाराला सोडून दिलं. मी सिटी बसनं घरी आले. जिना चढताना पत्र्यावर काहीतरी चरचरल्याचा आवाज आला, तव्यावर पाणी पडावं तसा. वर जाऊन बघते तर काकू गच्चीच्या कठड्याजवळ स्टुलावर उभ्या, डोक्याला ओला टॉवेल, हातात मग. खाली बादली. मगानं पाणी घेऊन त्या माझ्या खोलीच्या पत्र्यावर भिरकावत होत्या.

"काकू, हे काय करताय?"

"पाणी घालतीय की. बघतीस काय, ती बादली इकडं सरकव."

मी बादली सरकवली. "रोज घालता?"

"रोजच. जेवण झालं की एकदा आणि मालिका संपली की एकदा. नळाचं नाही हं, धुण्याचं उरलेलं असतं ते. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, ते कोण पत्र्यावर ओतंल?"

"पण कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काही विसरले होते. "तूच म्हणालीस की ग, नाजूक आहे म्हणून. पत्रा एवढा तापायलाय. ती डबी आत फुटली तर कॉलेजवाले तुलाच धरतील."

मला आधी राग आला. मग ते तीन दिवस आठवले. मी विचारलं, "मधे तुम्ही अक्कलकोटला लेकीकडं गेला होता, तेव्हा?"

"तेव्हा कोण घालणार? यांना सांगितलं होतं. दुपारचे हे दुकान सोडून येतात कुठं!"

मी खोलीत जाऊन संगणक उघडला. तारखा त्याच होत्या. बिघाड म्हणून मी वगळलेले तीन दिवस, एवढेच खरे कोरडे दिवस होते.

दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. अहवालावर मॅडमची सही झालेली होती. तिसऱ्या दिवशी मी काकूंना पाच दिवस पाणी न घालायला सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू द्या काकू. मी बघते."

पाच दिवस सेन्सर दुपारी सत्तेचाळीसच्या आसपास गेला. माझं पहिलं गणित, गुणांक हलवण्याआधीचं, त्याच्याशी एका अंशाच्या फरकानं जुळत होतं. म्हणजे सुरुवातीला हातात होतं ते बरोबर होतं आणि मी आठ दिवस खपून ते चुकीचं केलं होतं.

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. पाण्याचा भाग ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. तीन दिवसांचं ऐकल्यावर ते गेलं.

"त्या तीन दिवसांत सेन्सर बिघडला होता, हे तू तपासलं होतंस?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

मी अहवाल पुढं केला. त्यांनी अहवालाची ती पानं काढली, वाचली आणि परत ठेवली.

"गुणांक कक्षेबाहेर आहे हे मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "मीही विचारलं नाही. रेषा छान जुळल्या होत्या." मग म्हणाल्या, "भित्तिपत्रक आज उतरव. बक्षिसाचं मी विभागप्रमुखांशी बोलते. अहवाल नव्यानं लिही. काही लपवायचं नाही, तुझा गुणांकही नाही."

भित्तिपत्रक उतरवायला खुर्ची धरायची होती. व्हरांड्यात त्या वेळी मैत्रीणच होती. तिनं खुर्ची धरली. मी वरून पिना काढत तिला सांगितलं की पहिलं बक्षीस आता तिला मिळेल आणि का मिळेल.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"राग आला का?"

"मला तेव्हा आला होता," ती म्हणाली. "तुझा ग्राफ एवढा कसा जुळतो, असं वाटायचं. माझा कधी जुळलाच नाही."

त्यानंतरही आम्ही डबा एकत्रच खायचो. पण पूर्वी ती तिचा प्रोग्रॅम मला न विचारता दाखवायची, ते बंद झालं. मी विचारलं असतं तर तिनं दाखवला असता, असं मला वाटतं. मी विचारलं नाही.

नवा अहवाल लिहायला मला काकूंची मदत घ्यावी लागली. ओल्या पत्र्याचं गणित मांडायचं तर पाणी किती आणि केव्हा हे कळायला हवं होतं. त्यांच्याकडं घड्याळाच्या वेळा नव्हत्या. शेवटी त्या मगानं पाणी घालायच्या आणि मी फोनवर वेळ लावून किती मग झाले ते मोजायचे, असं आठवडाभर केलं. त्यासाठी मी दुपारी घरी थांबले. ऊन असं की गच्चीवर चप्पल काढून पाऊल टेकवत नसे. एका फेरीला साधारण बावीस मग लागायचे. पाण्याची वाफ होताना पत्र्याची किती उष्णता जाते, हे समीकरणात घातल्यावर एकेचाळीसची रेषाही जुळली, पुस्तकातल्या कक्षेत राहूनच.

मी काकूंना सांगितलं की त्यांच्या पाण्यावर एक वेगळं प्रकरण झालंय.

"म्हणजे घोटाळा मी केला?"

"थोडा तुम्ही, जास्त मी."

"मग आधी सांगायचं की ग," त्या म्हणाल्या आणि पापड वाळत घालायला निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी पत्र्यावर पाणी घालणं कायमचं बंद केलं. मे महिना मी त्या खोलीत भाजत काढला. मीच बंद करायला लावलेलं काम परत सुरू करा म्हणायला तोंड नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या शहरातून परीक्षक आले होते. त्यांनी निम्म्याहून जास्त वेळ ओल्या पत्र्यावर घालवला. तीन दिवस वगळल्याची कबुली पहिल्या प्रकरणात होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "हे ठेवायचं कुणी सांगितलं?"

"मॅडमनी," मी म्हणाले. मग पुढं जोडलं, "आणि मलाही ठेवायचं होतं."

दुसरं वाक्य तेव्हा किती खरं होतं, मला सांगता येणार नाही. मार्क चांगले पडले, फार चांगले नाहीत. वर्गात मी चौथी आले.

नोकरीसाठी मॅडमनी शिफारसपत्र दिलं. त्यात त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं होतं आणि दोन ओळींत ती चूकही लिहिली होती, ती मी स्वतःहून सांगितल्याचंही. पत्र हातात देताना म्हणाल्या, "हे नको असेल तर दुसरं कुणाकडून घे. मी राग मानणार नाही." मी तेच पत्र सगळीकडं लावलं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी, पुण्यात, बोलावलं आणि घेतलं. तिथं मी बॅटरीच्या पेट्या किती तापतात याची गणितं करते. ते पत्र तिथं कुणी वाचलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. मीही कधी विचारलेलं नाही.