भाऊजींचा रविवार कुठे जातो? : नगरहून बंगळूरला, अणुचाचण्यांच्या मे महिन्यात

ताईचा एसटीडी आला तेव्हा मी शिकवायची त्या शाळेला सुट्टी लागून महिना होत आला होता. ताई फोनवर सहसा पाऊस, भाजी आणि लेक स्नेहाचा अभ्यास यापलीकडे जात नाही. त्या दिवशी मात्र तिने थेट विषयालाच हात घातला. "रूथ, तू ये. हे आमच्या चर्चमध्ये यायचं नाही म्हणताहेत. गेल्या रविवारी उपासना अर्ध्यात सोडली, स्कूटर काढली आणि कुठेतरी निघून गेले. येत्या रविवारी स्नेहाचं दृढीकरण आहे." दृढीकरण म्हणजे मुलं मोठी झाली की बिशपांसमोर आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतात तो विधी.

आमचे वडील, अप्पा, निवृत्त पाळक. त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डॅनियल समजूतदार माणूस आहे. जाऊन नीट ऐकून घे. उपदेश करू नकोस."

नगरहून बंगळूरला जायचं तर तेव्हा सोपा मार्ग एकच, एसटीने दौंड आणि तिथून दुपारची उद्यान एक्सप्रेस. मे महिन्यात आरक्षण मिळणं कठीण, पण आमच्या एका नातलगाने बाजूचा वरचा बर्थ मिळवून दिला. सोलापूरपर्यंत अंग भाजून निघतं, वाडीनंतर जरा वारा लागतो. बरोबर पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्याच, कारण गुंतकलचा भात मला दोनदा बाधलेला आहे. डब्यात सगळीकडे एकच विषय होता, पोखरण. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी सगळ्यांना बर्फी वाटली. मीही घेतली आणि खाल्ली. चांगली होती.

सकाळी बंगळूरला उतरल्यावर गार हवा अंगावर आली आणि आपण मे महिन्यातून बाहेर पडलो की काय असं वाटलं. इंदिरानगरला जायला रिक्षावाल्याने मीटरवर वीस रुपये जास्त मागितले. मी हिंदीत भांडले, त्याने कन्नडमध्ये ऐकून घेतलं आणि शेवटी "स्वल्प कोडी अक्का", थोडे द्या ताई, म्हणत हसला. मी थोडे जास्त दिले. रस्त्यांवर गुलमोहर पेटला होता. तेव्हाचं इंदिरानगर म्हणजे बैठी घरं, फाटकाशी कुत्रं आणि दुपारी चिटपाखरू नाही. आता जाल तर तुम्हाला खोटं वाटेल.

भाऊजी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. लष्करी विमानांना लागणारे काही भाग तिथे होतात. कोणते, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चाचण्या झाल्या त्या आठवड्यात त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी घडल्या. त्या मला ताईने स्वयंपाकघरात, डोशाचं पीठ ढवळता ढवळता सांगितल्या.

शेजारचे कुलकर्णीकाका, मूळ पुण्याचे, पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "डॅनियलराव, गल्लीत तुमचा सत्कार करायचाय, हार घालून घ्यायला तयार राहा." कारखान्यात एका सहकाऱ्याने चहा पिताना विचारलं, "तुम्हा लोकांनाही आनंद झाला ना? नाही, सहज विचारलं." आणि त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना केली, 'विनाशाची हत्यारं घडवणाऱ्या हातांना, प्रभू, क्षमा कर.'

"हे माझ्या शेजारी बसले होते," ताई म्हणाली. "प्रार्थना चालू असताना स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग उठून बाहेर गेले ते गेलेच."

"सत्काराचं काय झालं?"

"तिथेही गेले नाहीत. कुलकर्णी आता बोलत नाहीत."

शनिवारी भाऊजींनी आपणहून विचारलं, "येतेस? मी त्या रविवारी कुठे गेलो ते दाखवतो. आज संध्याकाळी तिथे प्रार्थनासभा आहे." आम्ही बसने निघालो. मार्केटहून शहराबाहेरच्या आनेकलची बस मिळते, मध्ये चंदापूरला ती बराच वेळ थांबते, तिथली भाजलेली कणसं खाण्यासारखी आहेत. शहर संपलं की नांगरून ठेवलेली तांबडी शेतं, खडकाचे उघडे डोंगर आणि मधूनच नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं.

आनेकलचं चर्च म्हणजे एक लांबट खोली होती. चटयांवर पंचवीस-तीस माणसं, बहुतेक कारखान्यातले कामगार आणि शेतातून आलेल्या बायका. उपासना कन्नडमध्ये होती.

"तुम्हाला कळतं हे?" मी हळूच विचारलं.

"अर्धं. म्हणून तर बरं वाटतं. देवाचं नाव तेवढं कळतं."

गाणी छान झाली. मग तिथले एक वडीलधारे गृहस्थ उठले, डोळे मिटले आणि प्रार्थना करू लागले. मला कन्नड येत नाही, पण 'देश', 'शक्ती', 'विज्ञानी' हे शब्द कुणालाही कळतील. खोलीतल्या सगळ्यांनी मोठ्याने 'आमेन' म्हटलं. एका बाईने तर टाळ्या वाजवल्या. मी भाऊजींकडे पाहिलं. ताईच्या चर्चमध्ये मान खाली गेली होती, तशीच इथेही खाली गेलेली होती.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "तिकडे माझ्यासाठी क्षमा मागतात. इकडे माझ्यासाठी आभार मानतात. रूथ, मी दोन्हीकडे तोच आहे ना?"

 खिडकीतून पावसाची सर आत आली, तेव्हा खिडकी बंद करण्यात मी वेळ काढला. मग विचारलं, "नोकरी सोडाल?"

"एका सॉफ्टवेअर कंपनीत विचारलंय. अमेरिकन बँकांचे कॉम्प्युटर दोन हजार साली बंद पडू नयेत म्हणून माणसं हवीत. पगार दुप्पट." त्यांनी तिकिटाची घडी घातली. "अमेरिकेकडे तर आपल्याहून किती तरी जास्त बॉम्ब आहेत. म्हणजे मी हात धुतले असं होईल का?"

घरी आलो तर स्नेहा जेवणाच्या टेबलाशी बसून उद्याचे प्रश्न पाठ करत होती. पंधरा वर्षांची, आईसारखी सरळ बोलणारी. "पप्पा, उद्या मला विचारतील, ख्रिस्ताच्या मागे चालशील का. मी 'हो' म्हणायचं. पण तुम्ही आला नाहीत तर मी कशाला 'हो' म्हणू? तुम्हालाच जमत नसेल तर मला कसं जमेल?"

ताईने तिला दटावलं. भाऊजी म्हणाले, "बोलू दे तिला."  तव्यावरचा डोसा करपला.

रविवारी सकाळी भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी तयार होते. चर्चच्या दाराशी पाळक उभे होते, तामिळ, उंच, चष्म्याआडून थेट बघणारे. भाऊजींनी हात पुढे केला आणि इंग्रजीत विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्याबद्दल बोलत होतात का?"

मला वाटलं, पाळक सारवासारव करतील. ते म्हणाले, "हो. तुमच्याबद्दलही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. पण डॅनियल, तुमची जागा रिकामी असताना ते म्हणायला मला जड जातं."

"मी आत येतो," भाऊजी म्हणाले. "पण त्या प्रार्थनेला मी आमेन म्हणणार नाही."

"नका म्हणू," पाळकांनी त्यांचा हात सोडला नव्हता. "आत या."

बिशपांनी प्रश्न विचारला तेव्हा स्नेहाने आधी मागे वळून पाहिलं, मग 'हो' म्हटलं, इतक्या हळू की बिशपांना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिने खणखणीत सांगितलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या वेळी ती बाकापर्यंत येऊन बापाचा हात धरून त्याला वेदीच्या कठड्यापाशी घेऊन गेली. मी मागेच होते. भाऊजींनी गुडघे टेकले, भाकरी घेतली. प्याला आला तेव्हा मान हलवून तो पुढे जाऊ दिला.

जेवताना मी त्यांना कारण विचारलं. "सांगता नाही येणार," ते म्हणाले. "भाकरी घ्यावीशी वाटली. प्याला नाही घ्यावासा वाटला."

पुढचे दिवस पाहुण्यासारखे गेले. लालबागला सकाळी लवकर जा, उन्हं चढली की मजा जाते. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने इडली-वडा आणि बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन कप, पाच-सहा रुपयांत पोट भरतं. मी, ताई आणि स्नेहा पोटभर हिंडलो. नोकरीबद्दल कुणी काही काढलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी भाऊजी मला गाडीवर बसवायला आले. पुस्तकांच्या स्टॉलवर रेडिओ होता, त्याभोवती गर्दी जमली होती. पाकिस्तानने पण आज चाचण्या केल्या होत्या. गर्दीत कुणी शिव्या देत होतं, कुणी हसत होतं. भाऊजी माझी बॅग हातात धरून तसेच उभे राहिले.

"आता उद्या कारखान्यात म्हणतील, काम वाढवा," ते म्हणाले. "आणि रविवारी पाळक काय म्हणतील कोण जाणे."

"तुम्ही जाल?"

"कुठे?"

मलाही कळेना मी काय विचारलं होतं. गाडी हलली. ते हात वर करून बराच वेळ गाडीबरोबर चालत राहिले.

घरी आल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होते. नगर म्हणजे लष्कराचं गाव. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "दर रविवारी आपल्या जवानांना सुखरूप ठेव म्हणून मागितलं. समोरच्या बाजूचा जवान कसा सुखरूप राहायचा, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही नाही विचारला." मग उठून ते अंगणात गेले आणि झाडांना पाणी घालू लागले.

भाऊजी त्याच कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्याच चर्चमध्ये जात राहिले. ते योग्य होतं का, मी आजही सांगू शकत नाही. मनात राहिलं ते वेगळंच.

जूनमध्ये आमची मिशनची शाळा उघडली. मुख्याध्यापिकांनी मला सातवीच्या वर्गात देशाच्या यशावर बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, दोन-तीन वाक्यं नीट बोलले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, आपण पाच स्फोट केले, त्यांनीही केले. मग आता कुणी घाबरायचं?"

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला आणि तिला म्हणाले, "मी घाबरलेय." वर्गाचं हसू थांबलं. मग मी बाकांच्या रांगेत जाऊन त्यांच्यातच बसले.