कानबाईच्या आठवड्यात उपाशी राहिलेले जंत

लिंबायतच्या वर्षाचं काम कळलं की शेजारणी जरा लांब सरकून बसतात. उधन्याच्या एका औषधांच्या लॅबमध्ये ती शेळ्यांच्या पोटातले जंत काचेच्या नळ्यांत वाढवते. नवं औषध त्यांच्यावर तपासतात. जंतांच्या खुराकात बकऱ्याच्या कलेजीचा अर्क लागतो. कलेजी वर्षाच आणते, वर्षाच वाटते.

तिच्या सासू प्रमिलाबाई एरवी हे खपवून घेतात. श्रावणात घरी कानबाई देवी बसणार, नैवेद्याचे रोट होणार, तेव्हा मात्र नाही.

“तुना हात रोटना पीठले लागाले नको.”

“हातमोजे घालते मी, आत्याबाई.”

“देवीले हातमोजा दखाडशी?”

नवरा गजेंद्र टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “आठवडाभर नको आणू कलेजी. जंत काय उपाशी मरतील?”

वर्षानं त्या आठवड्यात कुणाला न सांगता कलेजीऐवजी यीस्टचा अर्क घातला.

शुक्रवारी लॅबच्या जयश्रीमॅडमनी मायक्रोस्कोप तिच्याकडे ढकलला. “बघ.”

“हलत नाहीयेत.”

“वाढलेही नाहीत. काय घातलंस?”

“यीस्ट. त्यात जीवनसत्त्वं असतात...”

“मला शिकवू नकोस. रक्तातलं हीम ह्या जंतांना बनवता येत नाही, कोलेस्टेरॉलही नाही. दोन्ही कलेजीतून आयतं लागतं. बीएससीला झोपली होतीस?”

“घरी कानबाई आहे, मॅडम.”

“मग औषध काय तुझ्या कानबाईवर तपासू? जंतांच्या थोड्या अळ्या शिल्लक आहेत. रविवारी ताज्या कलेजीवर लाव. नाहीतर सोमवारी येऊच नकोस.”

रविवारी सकाळी कानबाईची स्थापना चालू असताना वर्षानं चपला घातल्या.

“कोठे चालनी?” प्रमिलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“कसायाकडे.”

“आज?” गजेंद्र म्हणाला. “आजारी आहे म्हणून सांग.”

“मॅडमला सांगेन. जंतांना कोण सांगणार?”

सासूच्या खांद्याला घासून ती बाहेर पडली.

संध्याकाळी लॅबमध्ये ताज्या कलेजीवर अळ्या वळवळायला लागल्या. मॅडम नुसतं “उद्या ये” म्हणाल्या.

वर्षा घरी आली तेव्हा पंगत बसली होती. तिचं ताट नव्हतं.

“रोट घरनास्नीच खावाना ऱ्हातस,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“मग मी कोण, आत्याबाई?”

“ते तू सकायले सांगी गयी.”

वर्षानं स्वतःपुरता भात गॅसवर चढवला. प्रमिलाबाई पंगतीतून उठल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. वर्षानं तो पुन्हा पेटवला.