अण्णांच्या धनुष्याची दोरी

आमच्याकडे किस्से जमतात ते बाण शोधताना. नेम चुकला की बाण भाताच्या खोडक्यांत घुसतो. तो शोधायला सगळे वाकतात, आणि वाकलेला माणूस गप्प म्हणून बसत नाही.

कडावला अण्णांचं शेत आहे. दिवाळीनंतर भात कापला की तेच आमचं तिरंदाजीचं मैदान. मी मोहोपाड्याला कारखान्याच्या लॅबमध्ये असते, रविवारी स्कूटी काढते. शिकवतात अण्णा, चहा आणतात माई. माई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "अण्णा, नेम कधी शिकवणार?"

"आधी दोरी उतरवायला शीक."

सराव संपला की दोरी उतरवायचीच, हा अण्णांचा कायदा. "दोरी चढवलेलं धनुष्य म्हंजे जुंपलेला बैल. रातभर तसाच ठेवलास तर सकाळी कामाला येल का गं?"

अण्णांच्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती. अण्णा अक्षता टाकत टाकत माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "काल दोरी उतरवलीस ना?"

*

आमच्याबरोबर शिकणारा संजय टेंपो चालवतो. मे महिन्यात भाडं घेऊन पळसदरीला गेला आणि दोरी चढवलेलं धनुष्य दिवसभर केबिनमध्ये तापत ठेवलं. धनुष्याला वर-खाली दोन पाती असतात, आम्ही त्यांना लिम्ब म्हणतो. सगळा जोर त्यांचाच.

पुढच्या रविवारी हा खूश. "अण्णा, काय हलकं ओढतोय मी! व्यायाम लागला अंगाला."

अण्णांनी धनुष्य घेतलं, लिम्बवरून अंगठा फिरवला. "तुजी ताकद नाय वाढली रं. या बिचाऱ्याची गेली."

*

तोच संजय. मुंबईहून नव्या जातीची दोरी आणली, अजिबात न ताणणारी. "बाण कसला सुटतो बघा," म्हणत चढवली त्याच्या काकांच्या जुन्या लाकडी धनुष्यावर. थोड्याच बाणांत कट् झालं आणि लिम्बचं टोक चिरलं.

अण्णा त्याच्यावर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं त्याला. म्हणाले, "ही दोरी झटका पोटात ठेवत नाय, सगळा लिम्बला देते. जुन्या लाकडाला डेक्रॉनची दोरीच पायजे. जरा ताणते, जरा सोसते."

माई कप भरत होत्या. "आमच्या घरातली डेक्रॉन मी."

*

दोरीला मेण चोळावं लागतं, नाहीतर ती तंतू सोडते. एकदा मेण संपलं म्हणून माईंनी मायेनं साजूक तूप चोळलं. रात्रीत उंदरांनी दोरी कुरतडली.

आता होतंय महाभारत, म्हणून आम्ही सगळे पुढ्यातल्या चहात बघत बसलो. अण्णांनी दोरीचा तुकडा उचलून बघितला. "गणपतीच्या वाहनाला नैवेद्य दावलास गं. पुण्य लागंल."

*

आणि आता हे. गेल्या थंडीत अण्णांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हलकं ओढा, हळूहळू ओढा. पण अण्णांचं ते जुनं धनुष्य चांगलंच जड. अर्ध्यावर आलं की हात थरथरायला लागायचा. संजयने हलक्या लिम्बचं दुसरं आणून दिलं, तर म्हणाले, "हे पोरांना दे. ओढीन तर माजंच."

एका रविवारी धनुष्य माईंच्या हातात दिलं. "माळ्यावर टाक. झालं माजं." दोरी मात्र स्वतः उतरवून दिली.

नंतर मैदानावर यायचे, पण बसायचे निशाणाकडे पाठ करून. आम्हाला नेम धरवेना. खरं सांगते, मी घरी जाऊन रडले.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, भात कापून झाला. पहिल्याच रविवारी माई धनुष्य घेऊन आल्या. पत्र्याखालच्या माळ्यावरची धूळ त्यावर तशीच होती. आणि दोरी चढवलेली होती.

"एकदा ओढून तर बघा," माई म्हणाल्या.

अण्णांनी ओढलं. दोरी हनुवटीपर्यंत आली. हात हलला नाही. बाण सुटला आणि निशाणाच्या अगदी खालच्या कडेला लागला. संजय काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

अण्णा लिम्बवरून अंगठा फिरवत राहिले, बराच वेळ. मग माईंकडे बघितलं. माई किटलीचं झाकण पुसत होत्या.

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत अण्णा बाण मारत होते. निघताना संजयने सवयीने दोरी उतरवायला हात पुढे केला. अण्णांनी धनुष्य मागे घेतलं आणि माईंच्या हातात दिलं.

"जसं ठेवलं होतंस, तसंच ठेव गं."