अकरा सुया आणि एक वीत

माझा थकवा तोलायला घातला असता तर निपाणीच्या तंबाखू वखारीतला काटा मोडला असता. एका तापातून उठलो, तो धड उठलोच नाही. सकाळी जाग यायची ती अशी, की रातोरात शहापूर ते बोरगाव हातमाग पाठीवर घेऊन चालत गेलतो. रक्त इतकं तपासलं की अंगात उरलं किती हीच शंका. रिपोर्ट मात्र ठणठणीत. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी नाव दिलं, क्रॉनिक फटिग सिंड्रोम. गल्लीनं आधीच दिलं होतं, आळस.

लेकीचं लग्न ठरलेलं. साडी माझ्याच हातची, असं मीच छाती ठोकून सांगितलेलं. आणि गत अशी, की एक दिवस हातभर विणायचं अन् चार दिवस आडवं व्हायचं.

बायकोनं निपाणीकडची सुया टोचणारी डॉक्टरीण शोधली.

"सुयांनी थकवा जातोय व्हय? मग आपला शिंपी पैलवान झाला असता!"

"अवो, न्हायतरी झोपायचंच हाय. तितं चला आन् झोपा."

मी विणकर, त्यात संशयी. आत गेलेलं बाहेर मोजूनच घेणार. बाईंनी सुया टोचल्या, मी मोठ्यानं मोजल्या. अकरा. मग माझा डोळा लागला. उठून बघतो तर काढलेल्या सुया दहाच!

"अकरावी कुठाय?"

बाईंनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अकराच टोचल्यात, अण्णा."

सुई काळजाकडं निघालेली मला साफ जाणवली. खांद्यापर्यंत पोचलीसुद्धा होती. चादर झटकली, उशी झटकली, मलाही झटकलं.

"ह्ये काय गळ्याशी?" बायको म्हणाली.

सुई माझ्याच कॉलरीत! मागावर हाताला लागलेली सुई कॉलरीत खोचायची, ही चाळीस वर्षांची सवय. झोपेत मनगटातली उपसून मीच खोचलेली.

बाई हसल्या. "अण्णा, झोपेत बी तुमचा हात कामावरच हाय. सुयांनी थोडं बरं वाटंल, पर आजार मुळातनं जाईल असं म्या सांगणार न्हाय. एक मात्र करा. रोज एकच वीत विणायचं. अंगात हत्तीचं बळ शिरलं तरी वीत भरली की मागावरनं उठायचं."

रोग जाईल असं न सांगणारा डॉक्टर? संशय दुप्पट झाला. तरी दर आठवड्याला जात राहिलो. रोज एक वीत. मधे बाई तीन आठवडे गावाला गेल्या. सुया बंद, वीत चालू. साडी तेवढीच वाढली. मला कळायचं ते कळलं.

"बघा, सुयांचा गुण," बायको म्हणते. मी 'व्हय' म्हणतो. त्या टेबलावर अर्धा तास मला कुणी आळशी म्हणत नाही. तो कशाला घालवू?

काल पदराला लागलो. वीत भरली, आणि अंगात हत्ती नव्हे, हत्तींचा कळप. अजून एक वीत ओढावी असं फार वाटलं. धोटा ठेवून उठलो.

"आप्पा, दमलासा?" लेकीनं विचारलं.

"न्हाय गं," म्हटलं. "म्हणूनच उठलो."