कशावरनंआबा आणि जीवशास्त्राची पाच पुस्तकं

कशावरनंआबांना कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे. इंदापूरच्या स्टँडवर कुणी म्हणालं, "आबा, भिगवणची गाडी आली," की आबा विचारणार, "कशावरनं?"

"आवाज आला की."

"मग आवाज आला म्हणा. गाडी आली का ते बघून सांगा."

तोवर गाडी येऊन, थांबून, निघूनही गेलेली असे. आबा पुढच्या गाडीची वाट बघत शांतपणे बसून राहत. एका शब्दापायी इतक्या गाड्या चुकलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

लग्न जमवायच्या बैठकीला तर त्यांना आवर्जून विसरलं जाई. एकदा चुकून आले. मुलाचा मामा म्हणाला, "पोरगा निर्व्यसनी हाय." कोपऱ्यातून आवाज आला, "कशावरनं?" मामा घाईघाईत म्हणाला, "आवं, आमच्याबरोबर बसला तरी नुसता सोडा घेतो!" बैठक तिथंच उठली. मुलीच्या आईनं पुढच्या दिवाळीला आबांच्या घरी लाडू पाठवले.

आबांची उभी नोकरी एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून गेली. काचपट्ट्या धुवायच्या, बरण्यांतले साप आणि बेडूक पुसायचे आणि तास चालू असताना दाराशी उभं राहायचं. शिक्षण सातवी. "पण जेवढं सर आलं-गेलं, तेवढ्यांचं जीवशास्त्र म्या ऐकलंय," ते सांगत. "एकाच धड्याचं आठ जणांनी आठ प्रकारं सांगितलं. मग एक दिस हळूच इचारलं, कशावरनं? तवाचे सर लई चिडलं. तवा म्या मनात म्हणलं, हितं कायतरी हाय."

निवृत्तीनंतर त्यांनी इंदापूरच्या कडेला कलमांची रोपवाटिका टाकली. आमची ओळख तिथलीच. मी सांगवीचा, भाजीपाला पिकवणारा. कृषी महाविद्यालयात दोन वर्षं काढून बाहेर पडलेला, म्हणजे अर्धवट. एका रोपाकडे बघून मी जाणकारासारखा म्हणालो, "हे डाळिंब चांगल्या जातीचं दिसतंय."

"कशावरनं?"

"पानावरनं."

"पेरू हाय त्यो," आबा म्हणाले. त्यानंतर मी तिथून जे काही घेतलं ते खाली मान घालून घेतलं.

माझ्या मुलीला, ऋतुजाला, आठवीत सांध्यांचा ताप आला आणि एक आख्खं वर्ष अंथरुणात गेलं. त्या वर्षात ती घरीच शिकायला लागली, आणि बरी झाल्यावर म्हणाली, मी आता अशीच शिकणार. दहावी मुक्त विद्यालयातून झाली. बारावीला तिनं विज्ञान घेतलं, कारण तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. तिची आई, सुनंदा, हिशेबी बाई नसली तरी सावध बाई आहे. तिनं अट घातली, "जीवशास्त्रात उडाली, तर जूनमध्ये बारामतीच्या कॉलेजात नाव घालायचं, पुन्हा अकरावीपासून. मग घरच्या शाळेचं नाव काढायचं नाही." ऋतुजानं मान्य केलं. मुक्त विद्यालयाच्या केंद्राकडून परीक्षेपुरतं पुस्तक मिळालं होतं, पण समजून घ्यायला जीवशास्त्राचं आणखी एक पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बेडूक कापलेला मी एकटाच होतो. तो बेडूक अर्ध्यातून उठून पळाला होता हे मी दोघींना सांगितलेलं नव्हतं.

मी पुस्तक निवडलं ते मुखपृष्ठावरून. परदेशी, गुळगुळीत, वर निळा देवमासा, कोपऱ्यात 'खास होमस्कूलसाठी'. सुनंदानं पहिला धडा चाळला आणि चष्मा कपाळावर नेला. "अहो, यात जग सहा दिवसांत तयार झालंय."

"सुरुवातीला जरा गोष्टीरूप असेल," मी म्हणालो.

"शेवटच्या धड्यातपण सहाच दिवस आहेत."

तेव्हा मला कळलं की तिकडे घरी शिकवणाऱ्यांसाठीची निम्मी पुस्तकं धार्मिक संस्थांकडून निघतात, आणि उरलेल्यांवर 'सेक्युलर' असं मुद्दाम छापावं लागतं. पुडा विकत घेताना आपण शाकाहाराचा हिरवा ठिपका बघतो, तसं. मी ठिपका न बघताच घेतलं होतं.

ही चूक निस्तरायला मी दुसरी केली. मोबाईलवर कुणीतरी आपल्या मातीतलं जीवशास्त्र पाठवलं होतं. त्यात दशावतार म्हणजेच उत्क्रांती असं लिहिलेलं. आधी मासा, मग कासव, मग डुक्कर, मग अर्धा सिंह अर्धा माणूस. मला इतकं पटलं की मी दोन तास हातवारे करून शिकवलं. ऋतुजा म्हणाली, "बाबा, पण सिंहानंतर वामन कसा?" मी म्हणालो, "मधे उंची कमी झाली."

पुढच्या आठवड्यात तिनं केंद्राला गृहपाठ पाठवला. प्रश्न होता, दोन प्राणिगटांना जोडणाऱ्या दुव्याचं एक उदाहरण लिहा. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं, 'नरसिंह. पाहण्याचे ठिकाण: नरसिंहपूर, ता. इंदापूर.'

केंद्रातल्या सरांनी शून्य दिलं आणि मला बोलावून घेतलं. पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. पण हे असंच चाललं, तर परीक्षेत काही खरं नाही." घरी सुनंदानं कॉलेजच्या प्रवेशाचं माहितीपत्रक फ्रीजवर चिकटवलं. ऋतुजा रोज पाणी प्यायला फ्रीज उघडायची आणि न पिताच बंद करायची.

मी इंदापूर गाठलं. आता आबा होते नरसिंहाचे कडक भक्त. दर महिन्याला नरसिंहपूरला जायचे, संगमावर आंघोळ करून दर्शन घ्यायचे. मला वाटलं, निदान हे तरी माझी बाजू घेतील. मी सगळं सांगितलं. आबांनी हातातलं कलम खाली ठेवलं.

"सांगवीकर, नरसिंहाला बारावीला कुणी बसवला?"

"मी."

"मी त्येच्या पाया पडतो. त्येनं माझ्या लेकराला आजारातनं उठवलं असं मी मानतो, मरस्तोवर मानीन. पण त्येला पेपरात घालू नगा. तितं त्येला शून्य पडतंय आन् आपल्याला बघवत न्हाय."

मग म्हणाले, "मिळतील तेवढी पुस्तकं गोळा करा. पोरीला घेऊन या. तुमी नाय आला तरी चालंल."

मी गेलोच. पाच पुस्तकं नेली. देवमाशाचं एक, दशावताराचं छापून घेतलेलं एक, बाजारातलं एक गाईड, 'सेक्युलर' असं ठळक छापलेलं एक महागडं, आणि पाचवं सुनंदानं बारामतीच्या रद्दीतून उचललेलं. त्याला मुखपृष्ठच नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल मला काही मत बनवता आलं नव्हतं.

आबांची पद्धत सोपी होती. ऋतुजानं कुठलंही पान उघडून मोठ्यानं वाचायचं, इंग्रजी असेल तर मराठीत सांगायचं. वाक्य संपलं की आबा आपला शब्द टाकणार. पुस्तकानं पुढच्या चार ओळींत उत्तर दिलं तर उजवीकडे, नाहीतर डावीकडे. देवमासा आणि दशावतार दोन मिनिटांत डावीकडे गेले. मग गाईड.

"पानं हिरवी असतात कारण त्यांत हरितद्रव्य असतं."

"कशावरनं?"

ऋतुजानं पुढे वाचलं, "अतिमहत्त्वाचे. तीन वेळा विचारलेले."

"तीनदा इचारलं म्हणून पान हिरवं?" आबा म्हणाले. "डावीकडं."

महागड्या पुस्तकाची मला खात्री होती. त्यावर ठिपका होता. पण तिसऱ्याच पानापासून ते देवाच्या मागे लागलं होतं. पेशी आली की देवाला एक टोला, डोळा आला की दुसरा. आबा बराच वेळ ऐकत राहिले.

"ह्येचं बी चित्त देवाकडंच हाय की गं."

"पण आबा, ते देव नाही म्हणतंय," ऋतुजा म्हणाली.

"व्हय. पण आपण माशाचं इचारतोय. जीवशास्त्रात देव न्हाय म्हणायला सुद्धा येत नसतो. त्येला देवळात राहू द्या, भांडणाऱ्यांना पारावर. मासा कुठं हाय मासा?"

पुस्तक डावीकडे गेलं. उजवी बाजू रिकामीच. राहिलं ते मुखपृष्ठ नसलेलं. ऋतुजानं मधलंच पान उघडलं. पक्षी दूरच्या प्रवासात वाट कशी शोधतात, असा धडा होता. दर वाक्याला आबा विचारत होते आणि दर वेळी पुस्तक सांगत होतं की अमुक पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवून पाहिलं, तमुक पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या. शेवटी ऋतुजा थांबली.

"काय झालं?"

"आबा, इथं लिहिलंय, 'याचं पूर्ण उत्तर अजून कुणालाही माहीत नाही.'"

आबा उभे राहिले. "छापलंय तसं?"

"हो."

"बघू." त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, दोनदा. "सगळी नोकरी गेली, पण 'मला माहीत न्हाय' म्हणणारा सर भेटला न्हाई. हितं पुस्तकच म्हणतंय. ह्येच घ्या. नवीन काय आलंय ते केंद्राच्या पुस्तकातनं वाच, पण समजून ह्येच्यातनं घे."

अशा रीतीनं आमच्या घरी जीवशास्त्र आलं. मी आणलेल्या चार पुस्तकांवर सुनंदा अजून गरम भांडी ठेवते.

पुस्तक मिळालं, पण प्रात्यक्षिकाचं काय? आबा म्हणाले, भिगवण. तिथल्या मासळीबाजारात ओळीनं चिलापी माशांच्या पाट्या. एका कोळणीसमोर आबा उकिडवे बसले आणि ऋतुजाला मासा उघडायला लावला. कल्ले, हृदय, फुगवलेल्या पिशवीसारखा वाताशय.

कोळीण म्हणाली, "आबा, घेणार हाय का नुसतं पोस्टमार्टम?"

"घेणार की. आधी ह्यो मासा वर-खाली कसा हुतो ते बघू दे."

"त्यो माझ्या टोपल्यात आलाय म्हणजे खालीच आला," ती म्हणाली. पण तीही वाकून बघायला लागली. "इतकी वर्सं कापते, ह्यो फुगा म्या फेकूनच देत आलेय."

माझा सहभाग असा, की हृदय बाहेर आलं तेव्हा मी मागच्या मागे बर्फाच्या पेटीवर बसलो. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणी मासा खाल्लेला नाही. ऋतुजानं हात धुतले आणि माझ्या तोंडावर पाणी मारलं. "बाबा, दोनच कप्पे असतात माशाच्या हृदयाला," ती म्हणाली. माझ्या हृदयाला त्या वेळी एकही नव्हता.

परीक्षा झाली. निकाल लागला. ऋतुजा जीवशास्त्रात चांगली पास झाली, आणि सुनंदानं फ्रीजवरचं माहितीपत्रक काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायला घेतला. मी पेढे घेऊन इंदापूरला निघालो. आबांनी पेढे बाजूला सरकवले.

"काय चुकलं?" त्यांनी ऋतुजाला विचारलं.

"झाडातून पाणी बाहेर कसं पडतं त्यात घोटाळा केला."

"मग बस."

दोघं पेरूच्या रोपाशी जाऊन बसले ते दोन तास. मी ओट्यावर पेढे राखत होतो. राखता राखता पाच खाल्ले. निघताना आबा मला म्हणाले, "सांगवीकर, आता पुस्तकं तुमी निवडायची न्हाईत."

"मग कोण?"

"तीच. तुमी फक्त पिशवी धरायची." बापाच्या कामावरून इतक्या आनंदानं कुणाला काढलं नसेल.

तीच शेवटची भेट. पुढच्या महिन्यात आबांच्या मुलानं त्यांना आपल्याकडे नागपूरला नेलं, आणि त्या थंडीत ते तिकडेच गेले. बातमी फोनवर आली. ऋतुजा तोवर पशुवैद्यकीयला लागली होती. मी तिला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, की आज गायीच्या पोटाचे चारही भाग हातानं चाचपून पाहिले.

ऋतुजा शिकायला बाहेर गेली आणि घर रिकामं वाटायला लागलं, तसा मी ते मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक वाचायला घेतलं. कुणालाही न सांगता, रोज दोन पानं. झाडाच्या पाण्याच्या धड्यात मीही अडकलो. ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, "वाचत काय बसलाय बाबा? आईचं पारदर्शक नेलपॉलिश घ्या, पानाच्या खालच्या बाजूला लावा, वाळलं की चिकटपट्टीनं सोला. माझा छोटा सूक्ष्मदर्शक कपाटात आहे."

म्हणून परवा सकाळी मी वांग्याच्या सरीत गुडघ्यावर बसून पानाला नेलपॉलिश लावत होतो. बांधावर शेजारचे बबनराव उभे.

"काय चाललंय हे? वांग्याला नटवताय व्हय? पाव्हणं बघायला येणार हायत का?"

"थांबा, वाळू द्या."

"डॉक्टरकडं जायचं का? मी गाडी काढतो."

मी पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग तो बबनरावांच्या हातात दिला. त्यांनी एक डोळा मिटला, मग चुकून दुसरा मिटला, मग पुन्हा पहिला.

"आयला," ते हळूच म्हणाले. "तोंडं हायत. बारीक बारीक तोंडं. उघडी हायत काही."

"हं."

"ह्यातनं पाणी जातंय भाईर?"

मला उत्तर माहीत होतं. दोनदा वाचलं होतं, ओठांवर आलं होतं. महत्प्रयासानं गिळलं.

"दुपारी कडक उन्हात या," मी म्हणालो, "तुमच्या उसाचं एक पान घेऊन. बघू, उघडी राहतात का मिटतात."

बबनराव दोन वाजता आले. सहा पानं घेऊन, आणि बरोबर बायकोचं लाल नेलपॉलिश.