खालच्या मजल्याचे तीन भाग

माझं शिक्षण कन्नड शाळेत चौथीपर्यंत. मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं, तेव्हा चुका असतील त्या असोत. एकतीस वर्षं मी राजाजीनगरात पाणी सोडायचं काम केलं. लांब लोखंडी चावी खांद्यावर घ्यायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि कुठल्या गल्लीच्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे ते ठरवायचं. लोक नीरगंटी म्हणत. एवढ्या वर्षांत माझ्या स्वतःच्या गल्लीला मी नेहमी सगळ्यांत शेवटी पाणी सोडलं. बायको रिकाम्या घागरी मांडून बसायची आणि माझ्या नावानं बोटं मोडायची. नीरगंटीच्या घरी आधी पाणी आलं, असं कुणी म्हणू नये एवढंच मला हवं होतं. कुणी म्हटलंही नाही.

बायको गेली, मी निवृत्त झालो, आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मुलगी चिकपेटेतल्या सासरहून परत आली. तिथं तिचं काय झालं ते मी लिहिणार नाही. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, एवढं पुरे. तिच्या सासऱ्यानं समाजातल्या चार वडीलधाऱ्यांची बैठक बोलावली. नवऱ्याचं घर सोडून मुलगी बापाच्या जिवावर किती दिवस बसणार, असं एकानं विचारलं. मला ते झोंबलं. मी उठून म्हणालो, "माझी मुलगी कुणाच्या जिवावर बसणार नाही. स्वतः कमावेल. तिचं काम सुटलं तर खुशाल येऊन घेऊन जा."

"सरी, बरं, तसंच ठरलं," ते वडीलधारे म्हणाले.

ती भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सहा महिन्यांचा कोर्स करून तिनं काम मिळवलं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल बोलून ठेवत, ते बोलणं सकाळी इंटरनेटवरून घरी येई आणि ती ऐकून टाइप करी. संध्याकाळी पाचच्या आत सगळं परत पाठवायचं. तीनदा उशीर झाला की काम बंद, अशी सही कंपनीनं आधीच घेतली होती. कॉम्प्युटर कंपनीचाच. ती चांगला कान पुढे करून, मान वाकडी ठेवून दिवसभर बसायची. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता, हे मी पाहत होतो.

इंटरनेट मात्र आमच्या वरच्या भाडेकरूचं. पुण्याहून आलेला मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. फोनची तार माझी, बाकी सगळं त्याचं. त्यानं जिन्याखाली एक जुना उघडा कॉम्प्युटर ठेवला. वरची वायर आणि खालची वायर त्यातच यायची, आणि ती पेटी एका तारेतलं इंटरनेट दोन्हीकडे वाटून द्यायची.

वाटप कसं करायचं ते तो मला समजावायला बसला. "काका, लाइन पूर्ण भरू द्यायची नाही. थोडी कमीच ठेवायची. नाहीतर सगळी रांग पलीकडे टेलिफोनच्या बाजूला लागते, मग आपल्या हातात काही राहत नाही."

"मेन व्हॉल्व्ह दोन फेरे कमी," मी म्हणालो. "पुरा उघडला तर शेवटच्या घरी थेंब नाही."

तो हसला. "माझ्या ऑफिसातल्यांना हे कळायला आठवडा लागला."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, "दहा भाग धरू. ताईंना सात, मला तीन. माझं काही अडत नाही."

"उलटं करा. तुम्हांला सात, खाली तीन."

"अहो पण त्यांची वेळेची नोकरी आहे."

"इंटरनेट तुमचं आहे. माझ्या घरात भाडेकरूला मागं ठेवून मुलीला पुढं, असं चालायचं नाही."

तो बराच वेळ वाद घालत होता. शेवटी म्हणाला, "बरं, मग एवढं तरी करू. मी वापरत नसेन तेव्हा माझे सात आपोआप खाली जाऊ देत. पेटीला तसं सांगता येतं."

मी तेही नको म्हणालो. रिकामं असलं तरी दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. मागच्या दारानं ते माझ्या घरात यायला नको. त्यानं मान हलवली आणि मी सांगितलं तसं केलं.

तीन भागांवर मुलगी कसंबसं भागवत होती. सकाळचं बोलणं उतरायला अकरा वाजायचे. दोनदा उशीर झाला. मग कंपनीनं काम वाढवलं, आणि नेमका त्याच आठवड्यात भाडेकरू बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला. निघताना त्यानं माझ्या हातात एक कागद दिला. "काका, आठ दिवस वर कुलूपच आहे. एवढं पेटीत टाइप केलं की सगळं खाली मिळेल. ताईंना दाखवा, त्या करतील."

कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला. मुलीला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अप्पा, वरचे तर गावाला गेलेत. आता त्यांचं मला मिळणार नाही का?"

"नाही."

"काहीतरी करता येत असेल. त्यांना फोन लावू?"

"लग्नघरी फोन करून मागायचं?"

"मी मागते. तुम्ही नका बोलू."

"तार माझी आहे," मी म्हणालो.

ती आत गेली. पुन्हा विचारायला आली नाही. तेवढा हट्ट तिच्यातही आहे. वरच्याचे सात भाग रिकामे पडले होते, आणि खाली ती बोटं चोळत फाइल उतरायची वाट पाहत होती. गुरुवारी पाच वाजून गेले तेव्हा तिचं अर्धं काम बाकी होतं. शुक्रवारी कंपनीचा फोन आला. शनिवारी दोन माणसं व्हॅन घेऊन आली आणि कॉम्प्युटर घेऊन गेली. टेबलावर धुळीचा चौकोन राहिला, तो तिनं पुसला.

सासऱ्याला कुणी कळवलं कोण जाणे. रविवारी त्याचा निरोप आला, मंगळवारी गाडी पाठवतो. माझाच शब्द होता.

सोमवारी भाडेकरू परतला. जिन्यातच त्यानं विचारलं, "काय काका, ताईंचं काम जोरात चाललं असेल ना? त्या कागदानं जमलं?"

ती दारात कपडे घड्या घालत होती. घडी अर्धी टाकून उठली, माझ्यासमोर आली आणि हात पुढं केला. मी खिशातून कागद काढून दिला. तिनं वाचला, पुन्हा वाचला.

"एकच ओळ आहे, अप्पा," ती म्हणाली.

आवाज चढला नाही. भाडेकरू एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि वर गेला. पुढच्या महिन्यात त्यानं खोली सोडली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहायला गेला. मंगळवारी मी तिची बॅग उचलायला गेलो तर तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली.

चार महिने मी गेलो नाही. मग एकदा भर दुपारी चिकपेटेत गेलो, तिच्या सासरच्यांच्या कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर. तीच दार उघडायला आली. मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहून म्हणालो, "चल घरी. बैठकीत मी काय बोललो ते मी बघून घेतो."

तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मला कळलं की आता दुसरा कानही गेला.

"चला म्हणता, पण तिथं येऊन करू काय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "ऊन आहे. जेवून जा."

मुलीच्या सासरी मी कधी पाणीही घेतलेलं नाही. तिनं ताट वाढलं होतं. मी नको म्हणून जिना उतरलो. खाली आल्यावर वाटलं परत वर जावं, दोन घास खावेत. दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती. मी बस स्टॉपकडे चालायला लागलो.